लॉग जमवतानाच छाटायचे

(सोलापुरात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

बसा बसा, मागच्यांना ऐकू येतंय ना? आज फक्त लॉग फाइलींबद्दल, म्हणजे प्रोग्रॅम चालताना काय काय झालं ते ज्यात लिहीत जातो त्या फाइलींबद्दल बोलायचंय, त्या छाटायच्या कधी आणि छाटायच्या कुणी एवढंच.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात बिलिंग बंद पडलं, डिस्क फुल. तिथल्या पोरानं सगळ्यात मोठी लॉग फाइल शोधून आरएम या डिलीटच्या कमांडनं उडवली, तरी डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ शंभर टक्केच दाखवतंय आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूनं बेरीज केली तर तेवढ्या फाइली कुठं दिसतच नाहीत. बाहेर माल भरलेली गाडी उभी आणि बिल निघंना. झालेलं असं की लिनक्समध्ये फाइल डिलीट केली की फक्त तिचं नाव जातं, ज्या प्रोग्रॅमनं ती उघडून धरलीये तो सोडत नाही तोवर जागा काही सुटत नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफ कमांडला प्लस एल वन देऊन बघा, अशा नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली लगेच सापडतात. सर्व्हिस रीस्टार्ट केली, जागा सुटली.

यावर बहुतेक जण लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग बाजूला काढणारं टूल लावतात, चांगलं टूल आहे, मीही वापरतो. ठरल्या वेळी कामं सुरू करणारा क्रॉन किंवा सिस्टमडीचा टायमर दिवसातून एकदा त्याला उठवतो, ते फाइलचं नाव बदलतं, जीझिपनं दाबून लहान करतं, आणि नीट सेटिंग केलं असेल तर प्रोग्रॅमला सिग्नल जातो की बाबा नवी फाइल उघड. सिग्नल न ऐकणाऱ्यांसाठी कॉपीट्रंकेट आहे, म्हणजे कॉपी काढायची आणि मूळ फाइल शून्यावर आणायची, पण त्या दोन्हीच्या मधे ज्या ओळी आल्या त्या गेल्या, हे त्याच्या मॅन पेजमध्येच, म्हणजे माहितीच्या पानावरच लिहिलंय. आणि प्रोग्रॅम दुपारी बिघडून एरर ओकायला लागला तर डिस्क काय रात्रीपर्यंत थांबणार आहे का?

म्हणून मला प्रोग्रॅमर डॅनियल बर्नस्टाईन यांच्या डेमनटूल्स या टूल्सच्या संचातलं मल्टीलॉग लई आवडतं. प्रोग्रॅमनं फाइल उघडायचीच नाही, नुसतं स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे स्क्रीनवर छापतो तसं लिहायचं, ते पाइपनं, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीनं मल्टीलॉगकडं द्यायचं आणि डिरेक्टरी सांगायची, बास. ते करंट नावाच्या फाइलीत लिहीत जातं, ती भरली की तिला वेळेचं नाव देऊन बाजूला ठेवतं आणि सगळ्यात जुनी उडवतं. काहीच सांगितलं नाही तर ९९,९९९ बाइटची एक अशा दहा फाइली, म्हणजे सगळं मिळून साधारण एक एमबी. एस देऊन साइझ वाढवता येते, एन देऊन फाइलींची संख्या. टाकीला बॉलकॉक बसवल्यासारखं आहे हे, कुणी गच्चीवर जाऊन बघायची गरज नाही. टी दिलं तर प्रत्येक ओळीला वेळ लागते, फक्त ती हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायातल्या आकड्यांत असते, वाचायला टाय-सिक्स्टीफोर-एन-लोकल या कमांडमधून काढायची.

आणि डिस्क दुसऱ्याच कशानं भरली तर? मल्टीलॉग ओळी फेकत नाही, थांबतं आणि परत प्रयत्न करतं. मग पाइप भरतो आणि मागचा प्रोग्रॅमही अडकतो, हे डोक्यात ठेवूनच वापरा. बिलिंगसारख्या कामाला मला तरी हेच बरोबर वाटतं, नोंद नसलेलं बिल निघण्यापेक्षा थांबलेलं परवडलं.

पण एका ठिकाणी मी मल्टीलॉग लावत नाही. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढलेत की लॉग १८० दिवस सांभाळायचे. मल्टीलॉगला दिवस कळत नाहीत, बाइट कळतात, एखाद्या दिवशी लॉगचा पूर आला की महिन्यापूर्वीचं लॉगिन कोणाचं होतं ते वाहून गेलं. त्यामुळं लॉगिनचे, अ‍ॅक्सेसचे लॉग वेगळे काढा, त्यांना लॉगरोटेटमध्ये डेली आणि रोटेट १८० लावा, म्हणजे रोज एक फाइल आणि अशा १८० जुन्या राहतील, रोज किती वाढतात ते आठवडाभर मोजून तेवढी जागा आधीच बाजूला ठेवा, आणि चुका शोधायला लिहिलेली डीबगची बडबड मल्टीलॉगला द्या. लॉगरोटेटचं कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल बदलली की पहिल्यांदा मायनस डी देऊन चालवा, ते फाइलला हात न लावता काय काय करणार ते सगळं छापून दाखवतं.