उंबऱ्यातून आलेला खेकडा

[दृश्य : तुळईवरून खाली. गेरू फिरवलेली शहाबादी फरशी. रिकामी.]

सांगलीचा गावभाग. सकाळचे साडेसहा. कृष्णेचं पाणी इथून चालत पाच मिनिटांवर. चौकात अजून ऊन उतरलेलं नाही, आणि ते उतरायच्या आत आत्यांना आजची पहिली दहा चित्रं संपवायची आहेत. रांगोळीचा एक खेकडा उंबऱ्यातून देव्हाऱ्यापर्यंत चालत जातो, असा वीस सेकंदांचा व्हिडिओ त्या आणि त्यांचा भाचा करताहेत.

[दृश्य : फक्त हात.]

हात बघा. अंगठा आणि पहिलं बोट. चिमटीतून रांगोळीची पूड सुटतेय ती मोजून सुटतेय. पेराएवढा एक चौकोन. त्याच्या शेजारी दुसरा. मग एक घर मोकळं. कडा कुठेही विस्कटलेली नाही. पट्टी नाही, छाप नाही, छिद्रांचं डबडं नाही. ही चिमूट चाळीसएक वर्षं रोज सकाळी चालत आलेली आहे.

[दृश्य : चित्र पूर्ण होतं. वर बांधलेल्या फोनचा आवाज, टिक.]

उंबऱ्याशी एक प्राणी उभा आहे. दोन शिंगं, दोन नांग्या, मोकळे डोळे. ज्यांनी व्हिडिओ गेमच्या दुकानात नाणी घालवली त्यांनी तो ओळखला असेल. जपानमधल्या टायटो कंपनीने १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ आणला. तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला. आकाशातून उतरणारे शत्रू त्यांनी माणसांसारखे काढले नाहीत. ऑक्टोपस, माकूळ आणि खेकडा असे तीन समुद्री जीव घेतले. एका ओळीत ११, अशा पाच ओळी. पडद्यावर एकूण ५५.

त्यातला हा खेकडा ११ घरं रुंद आणि ८ घरं उंच. नांग्या खाली असताना ८८ पैकी ४६ घरं भरायची, नांग्या वर गेल्या की ४८. डोळे काढायचेच नाहीत, ती दोन घरं सोडून द्यायची. अख्खा जीव एवढ्यात उभा राहतो.

भाच्याने हे पहिल्यांदा कागदावर आखून दाखवलं तेव्हा आत्या म्हणाल्या, “अकरा आठ ना? मग त्यात कागदावर काय बघायचंय?”

[दृश्य : वही. पानं उलटताना.]

ही त्यांची रांगोळीची वही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडे आहेत. १५ ते ८. ११ ते ६. नऊ ओळी नऊ. आकडे वाचले की डोळ्यांपुढे ठिपके उभे राहतात, मग जोडायचे कसे ते हाताला माहीत असतं. पिवळा पडलेला हा वर्तमानपत्राचा तुकडा ठिपक्यांचा कागद आहे. उदबत्तीच्या टोकाने समान अंतरावर भोकं पाडायची, कागद जमिनीवर ठेवायचा, वरून पूड फिरवायची, कागद उचलला की ठिपके तयार. लग्न होऊन आल्या त्या वर्षी केलेला आहे. काठ पाण्याने डागळलेत.

भिंतीवरची ही पुसट रेघ २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. भाच्याचा कॉम्प्युटर गेला. वही माळ्यावर होती.

[दृश्य : ट्रंक उघडते. दोसुतीचा तुकडा, दोन पोपट.]

आणि हे दोसुतीच्या जाड कापडावरचं भरतकाम. धागे मोजायचे, फुली घालायची, पुन्हा मोजायचे. जवळून बघितलं तर नुसत्या फुल्या, दोन पावलं मागे आलं की पोपट. ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशची चिन्हं सुझन केअर यांनी केली. १९८४ मध्ये तो कॉम्प्युटर बाजारात आला. हसरा कॉम्प्युटर, कचऱ्याचा डबा, हे सगळं त्यांनी आधी चौकटीच्या कागदावर घरं भरून काढलं. ३२ घरं आडवी, ३२ उभी. मोज़ेक आणि मोजून टाके घालायचं भरतकाम या कामाच्या जवळचं आहे, असं त्या सांगत आल्या आहेत. आत्यांना आम्ही ती चिन्हं दाखवली. हसऱ्या कॉम्प्युटरवर त्यांनी बोट ठेवलं आणि भाच्याकडे बघून म्हणाल्या, “हिने टाके मोजलेत.”

[दृश्य : पुन्हा चौक. पत्त्याची कड, रंगाचा मऊ ब्रश.]

आता चालवायचा कसा? जमिनीवरचं चित्र हलत नाही. पुसायचं, दोन घरं पुढे नव्याने काढायचं, फोटो घ्यायचा. एका सेकंदाला दोन पावलं, २० सेकंदांना ४० चित्रं. सगळे चौकोन मिळून १,८८०. मराठी माणसाला ही रीत नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली, तीत काड्या अशाच एकेक चित्र घेत हलवल्या होत्या.

ओल्या फडक्याने पुसलं तर गेरू काळा पडतो आणि वाळेपर्यंत फोटोत डाग दिसतो. केरसुणीने पूड सगळीकडे फिसकटते. दोन दिवस यातच गेले. मग आत्यांनी खेळायच्या जुन्या पत्त्याच्या कडेने पूड एकत्र केली, ती कागदावर घेतली, उरलेली ब्रशने झटकली. पंखा बंद. दार लोटलेलं. बोलायचं ते तोंड फिरवून.

तरी पांढरी झाक राहतेच. दहाव्या पावलाला मागे बघा. खेकडा जिथून जिथून गेला तिथे धुरकट खुणा. भाचा म्हणाला, “आत्या, हे मी कॉम्प्युटरवर पुसून टाकतो.”

“राहू दे की. चालत आलाय ना तो? मग पावलं उमटणारच.”

[दृश्य : भाद्रपद. उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत गौरीची पावलं. निवेदन थांबतं. आठ सेकंद.]

गौरी आणताना दारापासून आतपर्यंत ही पावलं काढतात. डावं, उजवं, डावं, उजवं. सगळी एकाच वेळी जमिनीवर असतात, आणि तरी बघणाऱ्याला कोणीतरी आत येताना दिसतं. निशिकादोंच्या खेकड्यालाही दोनच चित्रं आहेत. नांग्या खाली, नांग्या वर. पडद्यावर त्याचं सगळं चालणं एवढंच.

भाच्याने खुणा ठेवल्या.

[दृश्य : मिरज. तानपुऱ्याची घोडी, चार तारा.]

खेळात खेकडे उतरताना मागे चार खर्जातले सूर वाजतात, एकाखाली एक, सतत. भाच्याला ते तयार नको होते. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्यापासून तारेपर्यंत तिथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तानपुऱ्याला तारा चार, सूरही चार. एका कारागिराने खुंट्या पिळून चारही तारा उतरत्या लावून दिल्या. नेहमी षड्ज-पंचमात भरून राहणारं ते वाद्य पावलं टाकू लागलं. जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथल्या घासणीमुळे, प्रत्येक सुराला गुंजणारं शेपूट आहे. ऐका.

[आवाज : चार सूर. पुन्हा चार. उंबऱ्यातून खेकडा आत येतो.]

मूळ खेळात शत्रू जसे कमी होत जातात तसे उरलेले वेगाने धावतात. ते कोणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. काढायची चित्रं कमी झाली की यंत्राचा भार हलका व्हायचा आणि गती वाढायची. इथे शेवटची आठ पावलं संथ आहेत. ऊन चौकात आलं होतं, सावली सरकत होती, आणि आत्यांनी घाई केली नाही. चौकोनांच्या कडा बघा, पहिल्या चित्रात होत्या तशाच.

व्हिडिओ फोनाफोनी फिरला. गल्लीतली पोरं आता ठिपके शिकायला येतात, शनिवारी. श्रेयनामावलीत पहिलं नाव आत्यांचं आहे.

[दृश्य : शेवटचं चित्र. देव्हाऱ्यासमोर खेकडा. केरसुणी चौकटीत येते.]

“आत्या, थांब! अर्धं पुसलेलं पण घेतो.”

“घे लवकर. दूध ठेवलंय गॅसवर.”

[टिक. अर्धा खेकडा. टिक. एक नांगी. टिक. गेरू.]