जॉनी मुलाघ: हॅरो गावचा अष्टपैलू

डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत ११२ धावांची खेळी करणाऱ्या अजिंक्य रहाणेला सामनावीर म्हणून मिळालेले पदक त्या वर्षी प्रथमच दिले गेले. पदकाला नाव होते जॉनी मुलाघचे.

मुलाघचा जन्म १८४१ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियातील तेव्हाच्या व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीच्या पश्चिम भागातील हॅरो गावाजवळ, जार्डवाडजाली या आदिवासी समाजात झाला. त्याचे मूळ नाव उनार्रिमिन. मुलाघ हे खरे तर गोऱ्या मालकाच्या ज्या विस्तीर्ण मेंढवाड्यावर तो वाढला, त्याचे नाव. तिथे राबणारे आदिवासी तरुण क्रिकेट शिकले आणि १८६८ मध्ये चार्ल्स लॉरेन्सच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेले. इंग्लंडचा दौरा करणारा ऑस्ट्रेलियाचा हा पहिलाच संघ. पहिली अधिकृत कसोटी त्यानंतर नऊ वर्षांनी झाली.

दौऱ्यातील ४७ पैकी ४५ सामने मुलाघ खेळला आणि त्याने २३.६५ च्या सरासरीने १,६९८ धावा केल्या. आज ही सरासरी बेताची वाटेल, परंतु त्या काळच्या खडबडीत खेळपट्ट्यांवर ती भल्याभल्यांना जमत नसे. शिवाय चार चेंडूंच्या षटकांच्या त्या जमान्यात त्याने १,८७७ षटके टाकली, त्यांपैकी ८३१ निर्धाव, आणि अवघ्या दहा धावांच्या सरासरीने तब्बल २४५ बळी घेतले. गरज पडली तेव्हा यष्टिरक्षणही केले. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) संघाविरुद्ध त्याने ७५ धावा काढल्या. एवढे करूनही सामना संपल्यावर भालाफेक आणि बूमरँगचे खेळ करून दाखवावे लागत, कारण तिकीट काढून आलेल्या गर्दीला त्यांचेही तितकेच अप्रूप होते.

संघ परतला आणि १८६९ मध्ये व्हिक्टोरियात कायदा झाला. आदिवासींनी कुठे राहावे आणि कुठे काम करावे, हे ठरवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द होता. मुलाघ मात्र आदिवासींसाठीच्या सरकारी वस्तीत राहायला गेला नाही. मेलबर्न क्लबकडे काही काळ व्यावसायिक खेळाडू म्हणून काढल्यावर तो हॅरोच्या परिसरात परतला आणि मेंढ्यांची लोकर कातरून पोट भरू लागला.

१८७९ मध्ये लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध व्हिक्टोरियाने त्याला निवडले, तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती. दुसऱ्या डावात ३६ धावा करून संघात सर्वाधिक धावा त्यानेच काढल्या. हा त्याचा एकमेव प्रथम श्रेणी सामना ठरला. हॅरोच्या क्लबसाठी मात्र तो जवळजवळ अखेरपर्यंत खेळत राहिला. ऑगस्ट १८९१ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्याचे स्मारक उभारले.