अश्वगंधा, थायरॉईड आणि लॅबमधले उंदीर

तर मंडळी, अश्वगंधा. आमचे आजोबा रात्री दुधातून चिमूटभर घ्यायचे तेव्हा कुणी काही विचारलं नाही, आता तीच कॅप्सूलमध्ये आली आणि डब्यावर ‘थायरॉईड सपोर्ट’, ‘स्पर्म काउंट’ असलं काय काय छापून येतं, आणि विचारलं की म्हणतात प्राण्यांवर सिद्ध झालंय. बरं, काय सिद्ध झालंय ते बघू.

1998, इंदूरचे दोन संशोधक, पांडा आणि कार. नर उंदरांना, म्हणजे छोट्या माऊसना, 20 दिवस मुळाचा अर्क दिला, किलोमागे 1.4 ग्रॅम. रक्तातलं टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन हे थायरॉईडचं हार्मोन, वाढलं. कंपनीवाले खूश! पण ज्याचं थायरॉईड आधीच जास्त धावतंय त्याने का खूश व्हायचं?

आता 2002, श्रीलंका. इथे रॅट होते, आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो पण लॅबमध्ये माऊस वेगळा आणि रॅट वेगळा. किलोमागे 3 ग्रॅम, 7 दिवस, आणि नरांची इच्छाच मेली, म्हणजे मादी समोर फिरतेय आणि हे आपले थंड! ही गोष्ट कुठल्या डब्यावर वाचलीत का?

पण घाबरू नका, आधी डोस बघा. रॅटचा डोस माणसाला लावताना साधारण 6.2 ने भागतात, तरी 70 किलोच्या माणसाला रोज जवळपास 34 ग्रॅम झाले, म्हणजे 600 मिलीग्रॅमच्या 56 कॅप्सूल, एवढ्या कोण खातं? फक्त हेच गणित इंदूरच्या फायद्यालाही लावा ना, माऊसला 12.3 ने भागतात, तिथेही रोज 8 ग्रॅमच्या आसपास येतात.

त्यात रॅटचं थायरॉईड आपल्यासारखं नाहीच. आपल्या रक्तात टी-फोर धरून ठेवणारं एक प्रोटीन असतं, म्हणून टी-फोर निम्मं व्हायला 5 ते 7 दिवस लागतात, वयात आलेल्या रॅटमध्ये ते प्रोटीन जवळपास नसतंच, अर्ध्या-एक दिवसात खेळ खलास. मग त्याची ग्रंथी सारखी राबत असते आणि जरा धक्का लागला की आकडे हलतात.

तुम्ही थायरॉक्सिनची गोळी घेत असाल तर ही कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका, बास.

आणि स्पर्मचं म्हणाल तर रॅटमध्ये एक स्पर्म तयार व्हायला 50 हून जास्त दिवस जातात, माणसात दोन-अडीच महिने. त्यामुळे कुणी 15 दिवस कॅप्सूल खाऊन रिपोर्ट नाचवत आला ना, तर त्या सॅम्पलमधले स्पर्म डबा फोडायच्या आधीपासूनच बनत होते.