माळवदाखालचं दप्तर

नमस्कार मंडळी.

मी मूळचा बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचा, आता तुमच्यासारखाच ब्रिटनमध्ये. आमच्या वाड्यात माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपराखाली, एक अंधारी खोली होती. तिच्यात लाल खारव्याच्या रुमालांत बांधलेलं दप्तर असायचं. दसऱ्याला आजोबा ते खाली काढत, हळदकुंकू वाहत आणि पुन्हा बांधून ठेवत. आत मोडीतले वतनाचे, जमाबंदीचे कागद, काहींवर निजामाच्या कचेरीचा उर्दू शिक्का. पण ते वाचू शकेल असं घरात कुणी उरलं नव्हतं.

पुढे वाडा विकायचा ठरला. काकांनी एका सरकारी कचेरीत विचारलं. उत्तर आलं, "दान दिलंत तर घेऊ, विकत घ्यायला तरतूद नाही." वाटेकरी चार. एकजण म्हणाला, फुकट का द्यायचं? मी त्यांना दोष देत नाही. सागवानी दाराची चौकट व्यापाऱ्याने रोख पैसे मोजून नेली होती. दप्तर रद्दीच्या काट्यावर गेलं. मी पोचलो तेव्हा एकच रुमाल उरला होता, कडेने कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागलेला.

असे कागद काय कामाचे, असं आता तरी कुणी विचारू नये. 2023 साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी तपासायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली आणि निजामकालीन नोंदींसाठी हैदराबाद गाठावं लागलं. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, लाखो घरांचं भवितव्य जुन्या पाहणीपत्रकातल्या एका शब्दावर येऊन ठेपलं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. आणि बीडला पाटांगण या ठिकाणी इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली, ती त्यांनी 1909 साली छापली. अशा पोथ्या तिथल्या मठांतून, वाड्यांतून आजही असतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की असे कागद विकत घ्यायला सरकारने पैसा बाजूला काढावा. मनात आलं की सरकार घेतं. 2012 साली गांधीजी आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हरमन कॅलनबाख यांच्या पत्रांचा लिलाव लंडनला व्हायचा होता. भारत सरकारने सुमारे 7 लाख पौंड देऊन तो संग्रह आधीच घेतला आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवला. फार चांगलं केलं. पण बीड-परभणीच्या वाड्यातलं दप्तर लंडनच्या लिलावात येत नाही, ते गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे जातं. 2025 च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठी 'ज्ञान भारतम्' अभियान आलं, आधीच्या साडेतीन कोटींच्या जागी 60 कोटी मिळाले. घोषणेत सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन होतं. खरेदी नव्हती.

आपला 1972 चा पुरावस्तू कायदा 75 वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित देशाबाहेर नेऊ देत नाही. ते योग्यच आहे. पण बाहेर विकायचं नाही म्हटल्यावर घरात तरी कुणीतरी गिऱ्हाईक हवं ना? आपण राहतो त्या ब्रिटनमध्ये अशा खरेदीसाठी 1980 पासून राष्ट्रीय वारसा निधी आहे. वारसाकराच्या बदल्यात जुने ग्रंथ, कागद सरकारला देण्याचीही सोय आहे. आपल्याकडे निदान जिल्ह्याच्या पातळीवर थोडी रक्कम हवी. मोडी-फारसी जाणणाऱ्यांनी पंधरा दिवसांत भाव ठरवावा, मालकी तपासावी आणि घराण्याला नक्कल द्यावी. स्कॅन करून मूळ कागद परत दिला की काम झालं, असं मला वाटत नाही. तो परत त्याच कसरीच्या तोंडी जातो.

तुमच्यापैकी ज्यांचे वाडे अजून उभे आहेत, त्यांनी खरेदीखतावर सही करण्याआधी माळवदाखाली एकदा बॅटरी मारून बघा.

माझा रुमाल गावीच आहे. त्यातल्या अकरा पानांचे फोटो मागच्या टेबलावर मांडलेत. चौथ्या पानावर तिसऱ्या ओळीत एका गावाचं नाव आहे, ते मला अजून लागलेलं नाही. मोडी येणाऱ्यांनी जेवणाआधी तिकडे जरूर यावं.