'बारमाही' स्ट्रॉबेरी घेऊ नका! इंदूरच्या गच्चीवर कोणती व्हरायटी लावायची?

नमस्कार मंडळी. सप्टेंबर लागला की एकच प्रश्न सारखा येतो: इंदूरला स्ट्रॉबेरी होते का, आणि होत असेल तर रोपं कोणती मागवायची?

होते. छान होते. कुंडी आठ-दहा इंची, एका कुंडीत एकच रोप, किमान सहा तास ऊन, आणि आपली काळी माती कुंडीत अजिबात भरायची नाही, कारण ती पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात गांडूळखत आणि थोडी जाड रेती. एवढं तर तुम्हाला माहीतच आहे. आज बोलायचंय ते व्हरायटीबद्दल.

(दोन रोपं कॅमेऱ्यासमोर धरून)

दिसायला दोन्ही सारखीच. पण एक आहे शॉर्ट डे जातीचं, म्हणजे दिवस लहान झाले की फुलणारं. दुसरं डे न्यूट्रल, दिवस लहान-मोठा कसाही असो, फुलणारं. याच दुसऱ्या प्रकाराला ऑनलाइन दुकानात 'बारमाही' अशी चिठ्ठी लावतात आणि जास्त पैसे घेतात. अल्बियन, सॅन अँड्रियास, सेल्वा ही त्यातली नावं. इंदूरला बारमाही स्ट्रॉबेरी नावाची गोष्ट नाही. का, ते समजून घ्या.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दिवस चौदा तासांहून मोठा असतो, पण हवा गार असते. तिथे शॉर्ट डे झाड उन्हाळ्यात फुलायचं थांबतं, म्हणून डे न्यूट्रल जातींचा खरा उपयोग तिथे. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवसच साडेतेरा तासांचा. आणि हंगामात, ऑक्टोबर ते मार्च, दिवस असतो अकरा-बारा तासांचा. शॉर्ट डे झाडाला हवं ते सगळं इथे आयतंच मिळतं. मग जास्तीचे पैसे कशासाठी?

आता उन्हाचं बघा. डे न्यूट्रलला दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलं, तरी उष्णतेशी आहेच. पारा तिशीच्या वर राहू लागला की तेही कळ्या धरणं थांबवतं. इंदूरला मार्चच्या दुपारी काय होतं आणि मे महिन्यात काय होतं, हे मी सांगायला नको.

तरीही जूनमध्ये कमेंट येतेच: "दादा, अल्बियन हिरवंगार आहे, मग फळ का नाही?" ताई, झाड आजारी नाही, खतही कमी पडलेलं नाही. ते गरमीत जीव धरून बसलंय. वरून पोटॅश टाकू नका, मुळांना क्षार झोंबतात. अल्बियन वाईट आहे असंही नाही, चव उत्तम आहे. पण सुरुवातीची फळं कमी देतं, आणि आपल्याकडे सुरुवातच महत्त्वाची.

कारण हिशोब असा. रात्री गार व्हायला लागल्या की, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यात, लागवड. नोव्हेंबरअखेर फुलं. फुलापासून फळ साधारण महिनाभरात, म्हणजे डिसेंबरअखेर पहिली तोडणी. मार्चच्या मध्यात खेळ संपला. हातात अडीच महिने. तेव्हा लवकर फळणारी जात हवी: विंटर डॉन किंवा स्वीट चार्ली. दोन्ही फ्लोरिडा विद्यापीठाच्या, मुळात हिवाळी पिकासाठीच काढलेल्या. स्वीट चार्ली गोड, आंबटपणा कमी, पण फळ मऊ. विंटर डॉन सुरुवातीलाच भरघोस देते, फळही मोठं.

मऊ फळाला घाबरू नका. बाजारात कॅमारोसासारखी कडक जात चालते, कारण तिला ट्रकमधून जायचं असतं. तुमची स्ट्रॉबेरी जाणार गच्चीवरून स्वयंपाकघरात. फक्त देठापर्यंत लाल होऊ द्या. तोडल्यावर ती अजून गोड होत नाही.

बारा कुंड्या असतील तर आठ लवकरच्या, चार चँडलरच्या. १९८३ सालची जुनी कॅलिफोर्नियाची जात, थोडी उशिरा येते, गोड-आंबट चव भरलेली. जॅमला हीच.

"परागीभवनासाठी दोन जाती लावाव्याच लागतात का?" नाही. एकच जात पुरते. फळ वेडंवाकडं येतंय ते जातीमुळे नसून बहुधा फुलाचे सगळे स्त्रीकेसर फळले नाहीत म्हणून. मधमाश्या कमी असतील तर सकाळी मऊ ब्रश फुलावर गोल फिरवा.

बियांचं पाकीट घेऊ नका. या जाती बियांतून तशाच येत नाहीत, रनरच्या, म्हणजे झाडापासून आडव्या पसरणाऱ्या फुटव्याच्या, रोपांतूनच येतात. निळी स्ट्रॉबेरी तर फोटोतच असते.

रोप लावताना क्राउन, म्हणजे पानं आणि मुळं जुळतात तो गड्डा, बरोबर मातीच्या रेषेवर ठेवा. खोल गेला की सडतो, वर राहिला की मुळं सुकतात. पहिल्या पाण्यानंतर माती बसते, तेव्हा परत बघा.

पाणी नर्मदेच्या नळाचं द्या. बोरिंगच्या खाऱ्या पाण्याने पानांच्या कडा करपतात, आणि व्हरायटी कोणतीही असो, त्याला इलाज नाही.

वडोदऱ्याच्या मंडळींनी चँडलरचा नाद सोडावा, तिथे फेब्रुवारीतच ऊन तापतं. सगळ्या कुंड्या विंटर डॉनच्या लावा. ग्वाल्हेरला उलट, थंडी लांबते, चँडलर आणि कॅमारोसा दोन्ही साधतील. पण जानेवारीत दहिवराची रात्र असेल तर संध्याकाळीच रोपांवर जुनी चादर टाका. फुलाचा मधला भाग काळा दिसला, तर त्या फुलाला फळ धरणार नाही, ते खुडून टाका.