400 अंश, एक तास

(दृश्य: वाफाळणारी हिरवी टाकी, जिगवर टांगलेले शाफ्ट)

टाकी हिरवी दिसतेय ती निकेल सल्फेटमुळे. तापमान 88 ते 90 अंश, पीएच 4.8 च्या आसपास. टाकीला वीज जोडलेलीच नाही: रेक्टिफायर नाही, अ‍ॅनोड नाही. द्रावणातलं निकेल स्टीलवर बसवण्याचं काम सोडियम हायपोफॉस्फाइट करतं आणि जाता जाता थरात फॉस्फरसही सोडतं, या टाकीत 10 टक्क्यांहून जास्त. हे इलेक्ट्रोलेस निकेल, म्हणजे विजेशिवाय चढवलेला निकेलचा थर, शॉपमध्ये नुसतं ‘ईएन’. जॉबवरून, म्हणजे थर चढणाऱ्या भागावरून, उठणारे बुडबुडे हायड्रोजनचे.

तासाला 12 ते 15 मायक्रॉन, म्हणजे 50 मायक्रॉनला साडेतीन-चार तास. करंटच नसल्यामुळे कडांवर ढीग आणि खाचेत उपास असा प्रकार होत नाही. आट्यांच्या तळाशीही थर तेवढाच.

(दृश्य: कापून पॉलिश केलेला नमुना, मायक्रोस्कोपखाली)

हा थर काचेसारखा आहे. त्यात स्फटिक नाहीत, म्हणून कणांच्या सीमाही नाहीत. खाऱ्या पाण्याला आत शिरायला वाट सापडत नाही. ईएनचं खरं मोल इथे आहे.

(दृश्य: हिऱ्याच्या टोकाची चौकोनी खूण)

हिऱ्याचं टोक 100 ग्रॅम भाराने थरात दाबलं. खूण जेवढी लहान, तेवढा थर कठीण. खुणेचा कर्ण सुमारे 19 मायक्रॉन, म्हणजे कठीणपणा 500 विकर्सच्या (कठीणपणा मोजायचं माप) जवळ.

(दृश्य: ओव्हनचं दार, आत लावलेले जॉब)

आता 400 अंश, एक तास. साधारण 330 अंशांपुढे काच मोडते आणि थरात निकेल फॉस्फाइडचे बारीक कण तयार होतात. तीन अणू निकेलचे, एक फॉस्फरसचा. तोच भार, पण आता खूण 14 मायक्रॉनची. कठीणपणा 900 विकर्स, हार्ड क्रोमच्या (क्रोमियमच्या कठीण थराच्या) पंगतीला. आणखी तापवलं तर कण फुगतात आणि कठीणपणा उतरू लागतो.

(दृश्य: ओव्हनमधून निघालेला शाफ्ट, पिवळसर-जांभळी झाक)

हा रंग हवेतल्या ऑक्सिजनचा. वाईट दिसतो एवढंच. बोटांचे ठसेही इथेच उमटतात, म्हणून आत ठेवण्याआधी जॉब कोरडा आणि तेलमुक्त हवा.

(दृश्य: तापवलेल्या थराचा छेद, उभ्या बारीक भेगा)

या भेगा मात्र नीट पाहा. स्फटिक बनताना थर आकसतो, खालचं स्टील आकसत नाही. ताण भेगांतून सुटतो आणि काही भेगा थेट स्टीलपर्यंत पोचतात. जस्त स्वतः झिजून स्टील वाचवतं. निकेलचं उलटं आहे, उघड्या पडलेल्या ठिपक्यावर ते गंज वाढवतं.

(दृश्य: सॉल्ट स्प्रे चेंबर, म्हणजे खाऱ्या फवाऱ्याची गंज-चाचणी, दोन शाफ्ट शेजारी)

डावीकडचा तापवलेला, उजवीकडचा नाही. जास्त गंज डावीकडच्यावर.

(दृश्य: ड्रॉइंगवरची टीप)

तरी ड्रॉइंगवर ‘ईएन, हार्डन’ सरसकट लिहिलं जातं. पंपाचा शाफ्ट पाण्यात फिरणार असेल तर 180 ते 200 अंशांचं बेकिंग करा, दोन-तीन तास. थराची स्टीलवरची पकड सुधारते, काच शाबूत राहते. जास्त ताकदीच्या स्टीलमध्ये शिरून त्याला ठिसूळ करणारा हायड्रोजन काढायला मात्र याहून बरेच तास लागतात, आणि टाकीतून काढल्यावर ओव्हनला उशीर चालत नाही.

400 अंश घर्षणाच्या, कोरड्या कामासाठी ठेवा. तेही आधी स्टीलचं टेम्परिंग (कडक केल्यावर पुन्हा तापवणं) किती अंशांना झालं ते तपासून: केस हार्डन केलेला (फक्त वरचा पृष्ठभाग कठीण केलेला) जॉब 180 ला टेम्पर झाला असेल, तर वरचा थर कठीण होताना खालचं स्टील मऊ पडतं.

(दृश्य: शाफ्टला बांधलेलं थर्मोकपल, जॉबचं तापमान मोजणारं)

वेळ मोजायचा तो जॉब तापल्यापासून, डिस्प्लेवर आकडा आल्यापासून नाही.