कढत पाण्याची बादली

(दृश्य: न्हाणीघर. बादलीतून वाफ निघते आहे.)

पहिले दोन तांबे अंगावर घेईपर्यंत सगळं ठीक असतं. बादली संपत येते तशी मांड्यांतली ताकद जाते, एका डोळ्यासमोर धुरकट होतं, उठताना भिंत धरावी लागते. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्या अनेकांना हा अनुभव येतो. आजार बळावला असं वाटून घरचे घाबरतात.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खरवडते. उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश जेमतेम पार होतो. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडू शकतो. श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते हे विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये नोंदवलं. अंग निवलं की नजर आणि ताकद परत येते. मायलिनला नवी इजा झालेली नसते.

याच भीतीपोटी कित्येक दशकं एमएसच्या रुग्णांना 'व्यायाम नको, पडून राहा' असं सांगितलं गेलं. त्यात फार नुकसान झालं. न वापरलेले स्नायू झिजतात, मग जिना चढायलाही जास्त श्रम पडतात. आजाराच्या थकव्यावर हा दुसरा थकवा चढतो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांनी १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांनी चालवायच्या सायकलीवर व्यायाम केला. त्यांचा दम आणि ताकद दोन्ही वाढली.

(दृश्य: सकाळचे साडेसहा. पंखा सुरू, भिंतीला टेकवलेली खुर्ची.)

आपल्याकडे मे महिन्यात व्यायाम उन्हं चढण्याआधीच उरकावा. आधी ग्लासभर गार पाणी, मानेवर ओला पंचा. खुर्ची भिंतीला टेकवायची, म्हणजे ती मागे सरकत नाही. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. आठ ते दहा वेळा. मग दोन मिनिटं विश्रांती आणि पुन्हा तेवढंच. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. बैठक जितकी खाली, तितका मांड्यांवर भार जास्त.

चालण्याची सुरुवात पाच मिनिटांपासूनही चालेल. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपतच वेग. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, इथवर हळूहळू पोहोचायचं. व्यायामानंतरचा थकवा दोन तासांनीही उतरला नाही, तर पुढच्या वेळी कमी करा. बंद करू नका.

चालून चालून पाऊल जड होतं आणि बोटं जमिनीला घासतात. पायातली साधी चप्पल टिकवायला बोटांनी सतत पकड घ्यावी लागते, ती सुटली की माणूस पडतो. म्हणून टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवेत. घोट्यातून पाऊल वर उचललं जात नसेल, तर फिजिओथेरपिस्टला पायाचा स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार, विचारा.

(दृश्य: स्वयंपाकघर. उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटणारे हात.)

ओट्यापाशी उंच स्टूल ठेवणं हा आम्हाला सगळ्यात मोलाचा बदल वाटतो. उभं राहण्यातच अर्धी शक्ती जाते. आठवडाभर वहीत तास, काम आणि थकवा शून्य ते दहा असा लिहा. दुपारी तीनला आठचा आकडा येत असेल, तर पावणेतीनला आडवं व्हायचं, तीनची वाट पाहायची नाही. दिवस बरा गेला म्हणून कपाटं आवरायला घेतली, की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. ही चूक जवळजवळ सगळेच करतात.

लघवीची घाई होते म्हणून पुष्कळ जण पाणीच कमी पितात. त्याने उष्मा आणखी बाधतो, बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाचा संसर्गही होऊ शकतो. दिवसभर पुरेसं पाणी प्या, झोपण्याआधी दोन तास कमी करा. रात्री चारदा उठावं लागत असेल, तर सकाळच्या थकव्याचं कारण तिथेच शोधायला हवं.

थकव्यामागे दुसरी कारणंही असू शकतात, म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. बॅक्लोफेनसारख्या, स्नायूंचा ताठरपणा घालवणाऱ्या गोळ्यांनीही गुंगी येते. नैराश्य असेल तर त्यावर उपचार घ्या. थकव्यासाठी देतात त्या अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या तिन्ही औषधांची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या साखरेच्या गोळीशी तुलना झाली. एकही सरस ठरलं नाही.

(दृश्य: पुन्हा न्हाणीघर. बादलीत कोमट पाणी, शेजारी प्लॅस्टिकचा स्टूल.)

आंघोळ कोमट पाण्याने, बसून. वाफेची पेटी नको, गरम शेकही नको. अंग निवूनही अशक्तपणा किंवा धूसर नजर चोवीस तासांहून जास्त टिकली, तर न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. त्याआधी थर्मामीटर लावा आणि लघवीला जळजळ होते का, तेही सांगा; ताप किंवा संसर्गामुळेही जुनी लक्षणं डोकं वर काढतात.